इंजिनाचा दम मोजताना

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मिरजेतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात पूर्वी अम्मीचे कोंबड्यांचे खुराडे होते. त्या जागी २०२२ सालापासून एक यंत्र बसले आहे. इंजिनाची ताकद मोजायचे यंत्र. इंग्रजीत त्याला डायनामोमीटर म्हणतात, आमच्या घरात सगळे डायनो म्हणतात. मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए. झालो तेही मराठी घेऊन, तेव्हा मी या विषयावर बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण यंत्र बसल्यापासून त्याच्या चाचण्यांची वही माझ्याकडे आहे. भाईजान म्हणाले, "तू शिकलेला आहेस, अक्षर बरे आहे, आकडे तू लिही." आकडे लिहिता लिहिता जे समजले ते सांगतो.

आमचे अब्बा ऑइल इंजिनाचे मिस्त्री. सांगली-कोल्हापूरच्या भागात एक काळ असा होता, की विहीर तिथे इंजिन आणि इंजिन तिथे मिस्त्री. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हापासून या मुलखाला लोखंडाची सवय लागलेली. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिने तयार होऊ लागली, आणि ती दुरुस्त करणारी माणसे गावोगाव उभी राहिली. अब्बा त्यातले एक. त्यांची तपासणी कानाची होती. लांब पेचकस इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "नोझल टपकतंय," किंवा "दोन नंबरचं बेअरिंग गेलंय," असा निकाल यायचा, आणि तो बहुधा बरोबर असायचा. आमच्या गावात सतारीची जवारी काढणारे कारागीर आहेत. तेही घोडीची पट्टी घासतात आणि कानाने थांबतात. अब्बांचे काम मला लहानपणी त्याच जातीचे वाटायचे. अजूनही वाटते, पण आता त्यात एक 'पण' आला आहे.

तो 'पण' असा. मोकळे चालणारे इंजिन आणि ओझे ओढणारे इंजिन ही दोन वेगळी इंजिने असतात. मोकळ्या इंजिनाला स्वतःला फिरवण्यापुरतेच डिझेल लागते. गव्हर्नर पंपाची पट्टी जवळजवळ बंदच ठेवतो. अशा वेळी एखादा सिलिंडर थोडा अशक्त असला तरी तो लपून जातो. टाकीवर आठ आण्याचे नाणे उभे राहील इतके ते शांत चालते. त्याच्यावर भार पडतो, गव्हर्नर डिझेलची पूर्ण वाट मोकळी करतो, तेव्हा कुठे कळते की कोण खरोखर ओढतो आणि कोण नुसता सोबत फिरतो. अंगणात भार कुठून आणायचा? शेतात पंप असतो, गुऱ्हाळावर चरक असतो. मिस्त्रीच्या दारात काहीच नसते. म्हणून इंजिन मोकळे चालवून, आवाज ऐकून गिऱ्हाईकाच्या ताब्यात द्यायचे, अशीच रीत होती. अब्बांनी १९८४च्या सुमारास एकदा फ्लायव्हीलवर काथ्याचा दोर गुंडाळून, एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून बघितले होते. दोर जळाला, अंगणभर धूर झाला, आणि अम्मीच्या कोंबड्या शेजाऱ्यांच्या घरात गेल्या. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

गंमत म्हणजे अब्बा करत होते ती रीत फार जुनी. गास्पार द प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने १८२१ साली फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळले, त्यांना एक लांब दांडी जोडली, आणि ठोकळ्यांबरोबर फिरू पाहणाऱ्या त्या दांडीला अडवायला किती वजन लागते ते मोजले. सगळी विद्या एवढीच आहे. इंजिनाला धरून ठेवायचे, आणि धरून ठेवायला किती जोर लागला ते बघायचे. तो जोर आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार केला की अश्वशक्ती निघते. अश्वशक्तीचे माप त्याच्याही आधीचे, जेम्स वॉटचे. आपल्याकडे चालते ती मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलणे.

इथे माझ्यातला कवी थोडा आडवा येतो, त्याला क्षमा करा. आपण म्हणतो, इंजिनात दम नाही. हा 'दम' फारसीतून आला, त्याचा अर्थ श्वास. पण संस्कृतातही 'दम' आहे आणि त्याचा अर्थ आवरून धरणे. डायनो आवरून धरतो आणि श्वास मोजतो. दोन्ही भाषांतला दम एकाच यंत्रात भेटतो, हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "चाचा, जरा तो पाना द्या."

हा पुतण्या म्हणजे भाईजानांचा थोरला. मेकॅनिकल डिप्लोमा करून तो पुण्याकडे इंजिनांच्या चाचणी विभागात काही वर्षे होता. २०२० सालच्या टाळेबंदीत परत आला तो इथेच राहिला. त्याने आल्या आल्या एकच धोशा लावला : आपण दुरुस्त केलेले प्रत्येक इंजिन भाराखाली तपासून द्यायचे. भाईजानांना ते पटत नव्हते. अब्बांच्या कानावर चाळीस वर्षे दुकान चालले, आता काट्यावर कशाला? शिवाय पैशाचा प्रश्न. दुकानाचे पत्रे काढून स्लॅब टाकायला म्हणून काही रक्कम बाजूला ठेवलेली होती, तेवढीच.

कुठले यंत्र घ्यायचे यावर सहा महिने खल झाला. घरगुती वर्कशॉपला चार वाटा असतात. दोराचा ब्रेक सगळ्यात स्वस्त, पण त्यावर भार उड्या मारतो आणि पाच-दहा मिनिटांतच ढोल तापतो. दुसरी वाट म्हणजे इंजिनाने अल्टरनेटर फिरवायचा आणि तयार झालेली वीज हीटरमध्ये जाळायची. जनरेटरवाल्यांना हे सोयीचे, पण अल्टरनेटर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो, आणि तो नेमके किती खातो हे ठाऊक नसेल तर उत्तर अंदाजाचेच राहते. तिसरा एडी करंटचा डायनो. त्यात लोखंडी चकती चुंबकात फिरते आणि विजेनेच अडवली जाते. भार हवा तसा, अगदी केसाएवढा कमीजास्त करता येतो. पण तो नवा घ्यायचा म्हणजे लाखांचा मामला, आणि त्याचा कंट्रोलर बिघडला की आमच्याकडे बघणार कोण? चौथा पाण्याचा. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठी विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली तो शोधला, आणि अजून तो जगभर चालतो. एका बंद पेटीत वाट्या वाट्या असलेले चाक फिरते, पेटीच्या आतल्या अंगालाही समोरासमोर तशाच वाट्या असतात. मध्ये पाणी. चाक पाण्याला भिरकावते, पाणी पेटीच्या वाट्यांवर आदळते आणि पेटीला आपल्याबरोबर फिरवू बघते. पेटी बेअरिंगांवर झुलती ठेवलेली असते, तिला एक दांडी, आणि दांडीच्या टोकाला काटा. पेटी फिरू बघते, काटा तिला अडवतो, आणि जोर किलोत दिसतो.

आम्ही पाण्याचा घ्यायचे ठरवले. नवा नाही, जुना. आता इथे फसायची जागा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. भंगारात आम्हाला पहिला जो मिळाला त्याच्या पट्टीवर १०० अश्वशक्ती, ४००० फेरे, असे कोरलेले होते. किंमत ऐकून भाईजानांनी खिशात हात घातला. पुतण्याने हात धरला. पाण्याच्या डायनोची धरून ठेवायची ताकद फेऱ्यांच्या घनाने कमी होते. फेरे निम्मे केले तर ताकद निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरतो. ४००० फेऱ्यांना शंभर धरणारे ते यंत्र आमच्या ऑइल इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना जेमतेम पाच अश्वशक्ती धरू शकले असते. दहाचे इंजिन त्याच्यावर चढवले असते तर ते खुशाल धावत राहिले असते आणि आम्ही बघत बसलो असतो. म्हणून कुणी जुना डायनो घ्यायला निघाला असेल तर पट्टीवरचा मोठा आकडा बघू नका. आपल्या इंजिनाच्या फेऱ्यांना तो किती धरतो ते विचारा, आणि विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घरी येऊन हिशेब करा.

पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा मोडीत निघाली, तिथे हळू फेऱ्यांचा, जाडजूड डायनो मिळाला. वजनाच्या भावाने. त्याच्या पितळी पट्टीवर सूत्र होते : किलो गुणिले फेरे, भागिले २०००. हा दोन हजारांचा आकडा आकाशातून पडत नाही. दांडी ३५८ मिलिमीटर लांब ठेवली की गणित तेवढे सोपे होते, म्हणून कारखानदारांनी ती लांबी धरली. म्हणजे १५०० फेऱ्यांवर काटा १३.३ किलो दाखवत असेल तर इंजिन दहा अश्वशक्तीचे.

स्वस्त मिळाला खरा, पण बसवायला त्याच्या कितीतरी पट गेले. ज्या बेअरिंगांवर पेटी झुलते ती गंजली होती. चाकाची बेअरिंगे चांगली असून भागत नाही, ही झुलती बेअरिंगे अडली तर जोराचा काही भाग तिथेच मुरतो आणि काट्याला पोचत नाही. ती बदलली. मग जमिनीत कमरेइतका खड्डा खणून काँक्रीटचा पाया घातला. इंजिन आणि डायनो यांचे दांडे एका रेषेत आणायला पुतण्याला डायल गेज लावून दोन दिवस लागले. मध्ये रबराचे कपलिंग, कारण डिझेल इंजिन सरळ वळत नाही, धक्के देत वळते, आणि कडक कपलिंग ते धक्के फार दिवस सोसत नाही. कपलिंगवर जाड पत्र्याची जाळी. या जाळीशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, हा पुतण्याचा कायदा, आणि तो भाईजानांनाही लागू आहे. एक्झॉस्टचा पाइप छपराबाहेर काढला. बंद खोलीत इंजिन चालवून झोपी गेलेली माणसे उठत नाहीत, हे मिस्त्री लोकांना सांगावे लागत नाही, पण हौसेने घरी असले काही करणाऱ्यांना सांगावे लागते.

सगळ्यात जास्त डोके खाल्ले पाण्याने. इंजिनाची जेवढी ताकद डायनो धरतो तेवढी सगळी पाण्यात उष्णता होऊन उतरते. दहा अश्वशक्ती म्हणजे बादलीत पाणी तापवायचे दीड किलोवॅटचे पाच हीटर एकदम लावल्यासारखे. पाणी साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर आमच्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार वाट्यांवर बसतो. टाकीतले पाणी तीस अंशांचे धरले तर दहा अश्वशक्तीला मिनिटाला साडेतीन लिटर लागते. ट्रॅक्टरचे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन असेल तर अठरा लिटर. नळाला थेट जोडून चालत नाही, कारण शेजारी कुणी नळ सोडला की दाब पडतो आणि भार हलतो. म्हणून उंचावर हजार लिटरची टाकी, तिच्यातून पाणी यायचे आणि पंपाने परत तिच्यात जायचे. पन्नासचे इंजिन अर्धा तास चालवले की टाकी पंधरा-सोळा अंशांनी तापते. भाभींनी पहिल्या हिवाळ्यात हे आयते गरम पाणी कपड्यांना वापरून बघितले. सगळे पांढरे कपडे गंजाच्या रंगाचे झाले.

आणखी एक बारीक गोष्ट. पाण्याच्या नळ्या मऊ हव्यात आणि पेटीला ताण न देता लोंबत्या हव्यात. एक नळी जरी ताठ राहिली तरी ती पेटीला धरून ठेवते आणि काटा खोटे सांगतो. नळ्या जोडून, पेटीत पाणी भरून, मगच काटा शून्यावर आणायचा.

आता ज्या इंजिनासाठी हे सगळे सांगतो आहे त्याच्याकडे येतो. २०२३ची दिवाळी होऊन गेली होती. एका गुऱ्हाळमालकाचे दोन सिलिंडरचे, दहा अश्वशक्तीचे इंजिन भाईजानांनी उघडून नवे लायनर, पिस्टन, रिंगा घालून दिले होते. हे काम डायनो सुरळीत चालायच्या आधी हातावेगळे झालेले. पंधरा दिवसांत मालक आले. "मिस्त्री, आवाज झ्याक हाय, पर चरकात दोनाचं तीन ऊस घातलं की मान टाकतंय." भाईजान म्हणाले, चरक जाम असेल, पट्टा घसरत असेल. तोंडातोंडी झाली. दुकानात चार माणसे होती. मालक जाताना म्हणाले, "तुमचे वडील असं नव्हते." ते वाक्य भाईजानांना लागले. त्यांनी त्याच दिवशी टेम्पो पाठवून इंजिन परत आणवले, आणि पुतण्याला म्हणाले, "चढव तुझ्या मशीनवर. होऊ दे एकदाचं."

इंजिन अर्धा तास गरम केले. मग पुतण्याने डायनोचे चाक फिरवून भार वाढवत नेला. मोकळे असताना आवाज खरोखर सुरेख होता. भाईजान पेचकस कानाला लावून उभे होते. पाच किलो, आठ किलो, दहा. अकरा किलोवर फेरे १५००च्या खाली घसरू लागले आणि धूर मात्र काळा झाला नाही. मी वहीत लिहिले : ११ किलो, १५०० फेरे, सव्वाआठ अश्वशक्ती. भाईजानांनी वहीकडे बघितले आणि म्हणाले, "झूट बोलती तेरी मशीन."

हा आक्षेप चुकीचा नव्हता. काटा कॉलेजातून आलेला, तो कुणी कधी तपासला होता? म्हणून इंजिन बंद करून, काट्याखाली आम्ही किराणा दुकानदाराकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेली वजने आणून दांडीच्या त्याच खुणेवर टांगली. काटा खोटे बोलत होता, पण भाईजानांना हवे त्या बाजूने नाही. १०.८ किलोला तो अकरा दाखवत होता. म्हणजे खरी ताकद ८.१. भाईजान म्हणाले, मिरज उंचावर आहे. तेही खरे. समुद्रसपाटीपासून आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, इथली हवा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ, तेव्हा दहाचे साडेनऊ समजून घेता येतात. आठ समजून घेता येत नाहीत.

मग डिझेल मोजले. १०० घनसेंटिमीटरच्या नळीतून इंजिनाला डिझेल पाजायचे आणि ते किती सेकंदांत संपते ते घड्याळाने बघायचे. पूर्ण दहा अश्वशक्ती देणारे असे इंजिन ते अडीच मिनिटांत संपवते. याला तीन मिनिटांच्या वर लागली. इथे पुतण्याने मला जे समजावले ते फार आवडले. डिझेल पुरेसे खाऊन ताकद कमी पडत असती तर दोष लायनर-रिंगांचा, म्हणजे दाब गळतो आहे. पण हे खातच कमी होते. जेवढे खात होते तेवढ्याचे काम चोख देत होते. म्हणजे पोटात बिघाड नाही, घास पोचत नाही. मग दोन्ही सिलिंडरच्या एक्झॉस्टवर तापमान बघितले, तर दुसऱ्याचे पहिल्यापेक्षा साठ-सत्तर अंशांनी कमी. दोष दुसऱ्या सिलिंडरच्या फ्युएल पंपात.

भाईजान काही न बोलता पंप घेऊन आत गेले. एलिमेंट काढले, उजेडात धरले. पंपाचे एलिमेंट म्हणजे बोटाएवढा दट्ट्या आणि त्याची बाही, केसापेक्षा बारीक फटीत बसणारी. दट्ट्यावर उभ्या रेघा होत्या. थोडे डिझेल त्या रेघांतून मागे गळत होते. कमी डिझेल लागते तोवर फरक जाणवत नाही, पूर्ण भाराला जाणवतो. हे एलिमेंट भाईजानांनीच दुसऱ्या जुन्या पंपातून काढून बसवले होते. मालकाचे पैसे वाचावेत म्हणून, आणि ते तसे बिलातही लावले नव्हते. नवे एलिमेंट घातले, पुन्हा चढवले. काट्याची चूक वजा जाता साडेबारा किलो. सव्वानवाच्या वर.

भाईजानांनी मला कागदावर दोन्ही आकडे लिहायला लावले, आधीचा आणि नंतरचा, आणि खाली एलिमेंट बदलल्याचे. टेम्पोत मीही बसलो. गुऱ्हाळावर चुलवाण पेटलेले होते, काहिलीत रस उकळत होता. भाईजानांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "चूक माझी होती, मालक." मालकांनी कागद वाचला नाही, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. "पट्टा चढवा," म्हणाले. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी स्वतः ऊस घेतले. दोन घातले, तीन घातले, मग चार. चार उसांना इंजिनाचा आवाज जड झाला, पण बसला नाही. आम्हाला रस दिला. दुरुस्तीचे राहिलेले पैसे त्यांनी त्या दिवशी दिले नाहीत, संक्रांतीनंतर आणून दिले.

घरी आल्यावर भाईजानांनी अब्बांच्या वेळची बिलांची पुस्तके खाली काढली. गेल्या सात-आठ वर्षांत ज्यांनी अशीच तक्रार केली होती आणि ज्यांना आपण चरकाचा, पंपाचा नाहीतर पट्ट्याचा दोष सांगून परत पाठवले होते, त्यांची नावे ते आठवून सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. चार निघाली. एकाने इंजिन कधीच भंगारात घातले होते. एकाच्या विहिरीवर आता विजेची मोटर आहे, तो म्हणाला राहू द्या. एकाचे इंजिन आले, चढवले, त्याच्यात खरोखरच काही दोष नव्हता. भाईजान त्या दिवशी दोन वेळा चहा प्याले. चौथे इंजिन येत्या आठवड्यात यायचे आहे. टाकीचा वॉल्व्ह गळतो आहे, तो त्याआधी बदलायला हवा.